एक जानेवारी ऐंशी, बारा बावन्न

१

अण्णा मुळ्यांनी उभ्या आयुष्यात एकच पत्र अनुत्तरित ठेवलं, आणि ते नेमकं उमाच्या भवितव्याचं होतं.

एरवी पत्राला उत्तर देण्यात त्यांचा हात धरणारा रत्नागिरीत कोणी नव्हता. बाजारपेठेमागच्या ज्ञानविलास वाचनालयात त्यांनी एकतीस वर्षं ग्रंथपालकी केली. निवृत्तीनंतरही लोक त्यांना वाचनालयाच्याच पत्त्यावर पत्रं पाठवत, आणि अण्णा तिसऱ्या दिवशी उत्तर टाकत. हे पत्र मात्र १९८७च्या ऑगस्टात पुण्याच्या एका संगणक कंपनीकडून आलं. ‘कुमारी उमा रांबाडे यांनी आमच्याकडे अर्ज केला असून माहीतगार म्हणून आपले नाव दिले आहे. संगणकाच्या कामात त्या कितपत तयार आहेत आणि जोखमीचे काम त्यांच्यावर निर्धास्त सोपवता येईल का, हे तीन आठवड्यांत मोकळेपणाने कळवावे.’ खाली एका बाईंची ठसठशीत सही होती.

अण्णांनी त्या रात्री पहिला कच्चा मसुदा लिहिला आणि फाडला. संगणकाचं बटण कुठे असतं हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं कोणाच्या तयारीवर काय मत द्यावं? अकरा मसुदे झाले, तीन आठवडे उलटले, मग सात. पत्र सदऱ्याच्या आतल्या खिशात घामानं मऊ पडलं.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला कुसुमताई धापा टाकत त्यांच्या पडवीत उभ्या राहिल्या. कुसुमताई पटवर्धन म्हणजे वाचनालयाच्या टंकलेखिका. नवरा गेल्यावर मुलाला वाढवत त्यांनी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, आणि आता उमाच्या जोडीनं संगणकावर बसत होत्या.

“अण्णा, आत्ताच्या आत्ता चला. उमाची यादी गेली.”

“गेली म्हणजे? चोरीला?”

“चोर परवडला असता हो! फ्लॉप्या जागच्या जागी आहेत. आतलं सगळं गेलंय.”

२

संगणकाची खोली म्हणजे पूर्वीची मासिकांची खोली. यंत्र जानेवारीत आलं, तेव्हापासून तिथे देवघरासारखा सोवळा कारभार होता. चपला बाहेर काढायच्या, खिडकी उघडायची नाही, तपकीर ओढायची नाही.

उमा यंत्रापुढे ताठ बसली होती. देवरूखजवळच्या खेड्यातली ही मुलगी. कॉलेजात असताना आठवड्याला दोन पुस्तकं न्यायची, ती वेळेवर आणायची. पदवी मिळाल्यावर मुंबईला काकांच्या खोलीवर राहून तिनं संगणकाचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि परत येऊन वाचनालयाला पटवलं, की बावीस हजार पुस्तकांची यादी यंत्रात घालता येईल. आठ महिने ती आणि कुसुमताई इंग्रजी अक्षरांत मराठी पुस्तकांची नावं भरत होत्या.

“कथा-कादंबऱ्या, नाटकं आणि चरित्रं,” उमा म्हणाली. “तीन फ्लॉप्या कोऱ्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती ग्रंथपाल सदूसरांच्या कपाटात असतात, त्याही कोऱ्या. सात हजार नोंदी, अण्णा.”

“यंत्रच बिघडलं नसेल?”

“नाही. हे बघा.” तिनं एक चौकोनी काळी फ्लॉपी पुढे केली. “हिच्या कडेला ही खाच आहे ना? ती बुजवली की यंत्राला हिच्यावर काही लिहिता येत नाही, पुसताही येत नाही. मी सगळ्या खाचा बुजवून ठेवते. कंपनीच्या पट्ट्या संपल्या, तेव्हा पोस्टाच्या तिकिटांच्या कडेचा पांढरा डिंकाचा कागद लावला. सहाही पट्ट्या कोणीतरी काढल्यात.”

अण्णांनी फ्लॉपी डोळ्यांजवळ नेली. फाटल्याची, ओरबाडल्याची खूण नव्हती. पट्टी पाण्याचं बोट लावून, मऊ करून, हलक्या हातानं सोडवली होती.

एवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष आप्पासाहेब दारात आले. चार आंब्याच्या बागांचे मालक, आवाज बागेतल्या राखणदारालाही ऐकू जावा असा.

“बिघाड नाही म्हणते ना? मग माणसाचं काम. किल्ल्या दोन. एक हिच्याकडे, एक सदूच्या खणात. शनिवारी शेवटी गेली कोण? हीच. आणि मागल्या महिन्यात माझ्याशी भांडली कोण, की मला टायपिस्ट म्हणू नका, संगणक चालक म्हणा म्हणून?”

“भांडले नाही, आप्पासाहेब. अर्ज दिला होता.”

“एकच ते! राग काढलास. गुरुवारी पाच वाजता समितीची सभा आहे. तोवर दुसरं नाव पुढे आलं नाही, तर तू घरी, आणि तसं लेखी देणार मी. मग पुणं काय नि मुंबई काय, बस शोधत!”

ते गेले. उमा उठून दाराशी आली आणि हळूच म्हणाली, “अण्णा, पुण्याहून तुम्हाला काही पत्र आलं का हो? इतक्यात यायला हवं होतं.”

खिशातला कागद छातीला चिकटला होता.

“नाही गो,” अण्णा म्हणाले. “अजून तरी नाही.”

३

अण्णा काही गुप्तहेर नव्हते. समोरच्याच्या डोळ्यांत बघून प्रश्न विचारायचा म्हटलं तरी त्यांचे कान लाल होत. पण आपल्या खोटेपणाची भरपाई म्हणून का होईना, ते कामाला लागले.

कुसुमताईंपासून सुरुवात केली, आणि तीच अंगाशी आली.

“म्हणजे उमा गेली नाही पुण्याला, तर... तुम्हाला सोबत राहील, नाही का?”

कुसुमताईंनी टंकयंत्रावरचे हात खाली घेतले. “अण्णा, माझ्यावर संशय? मीच धावत आले ना तुम्हाला बोलवायला?”

“कादंबऱ्यांत बोलवायला येणारंच माणूस...”

“मग कादंबऱ्या कमी वाचा! सात हजारांतल्या साडेतीन हजार नोंदी माझ्या बोटांनी भरल्यात. स्वतःच्या मुलाची पाटी कोण पुसेल?”

अण्णांनी क्षमा मागितली, चष्मा पुसला आणि भागोजीकडे वळले.

भागोजी शिपाई आवारातल्या अनंताच्या झाडाला पाणी घालत होता. नव्या यंत्राला तो उघडपणे ‘डबा’ म्हणे, आणि एकदा तो भाट्याच्या खाडीत टाकण्याची भाषाही त्यानं केली होती.

“मी कशाला हात लावतंय? मला तं इंग्रजीतला ए बी म्हायती नाय. आयतवारी आलो व्हतो खरा, झाडांना पानी घालाया. दुपारचे तीन-साडेतीन असतील.”

“आत कोणी होतं?”

“कोन नाय. डब्याच्या खोलीभायेर एक चप्पल नव्हती. पन आतून आवाज येत व्हता. कर्र... कर्र... थांबायचा, परत कर्र. घूस लागली, दुसरं काय! मी दारावर थाप मारली तशी गप झाली. आज सकाळी येताच सदूसायबांना बोललो, घुशीचं औषध आना.”

“मग? काय म्हणाले?”

“म्हनाले, आनतो. अजून आनतायत.” भागोजी मग फणकारला. “आनि त्या उमाबायला सांगा, टेबलाखाली तांबडी माती सापडली म्हून मला बोलली ती. मी पायतान घालून आत जात नाय कदी.”

सदानंद शिवलकर, म्हणजे सदू, हा अण्णांचाच चेला. अण्णांच्या हाताखाली वीस वर्षं काढून त्यांच्या खुर्चीवर बसलेला. त्यानं अण्णांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

“किल्ली माझ्या खणात असते, पण खणाला कुलूप कुठे आहे? कोणीही घ्यावी. कपाटाची किल्लीही त्यातच. मला यंत्रातलं काही कळत नाही अण्णा, तुम्ही जाणताच.”

“मलाही नाही रे,” अण्णा म्हणाले, आणि चहा संपवून उठले.

मंगळवारी अण्णांनी उमाला एक बावळट वाटेल असा प्रश्न विचारला. “कोरी म्हणजे कशी गो? पानं फाडलेली वही, की मुळातच न लिहिलेली?”

उमा हसली, पण हसता हसता थांबली. “यादीच्या प्रोग्रॅमला यादी सापडली नाही, म्हणून मी कोरी म्हटलं. दुसरं काही आहे का, ते पाहिलंच नाही.”

तिनं एकेक फ्लॉपी यंत्रात सरकवली. कर्र... कर्र... अण्णांना भागोजीची घूस आठवली. पाच फ्लॉप्या रित्या निघाल्या. सहावीवर, चरित्रांच्या दुसऱ्या प्रतीवर, हिरव्या अक्षरांची एक ओळ उमटली. कोणीतरी एक छोटासा मजकूर साठवला होता. शेजारी तारीख आणि वेळ होती.

एक जानेवारी १९८०. रात्रीचे बारा वाजून बावन्न मिनिटं.

“पण उमा,” अण्णा म्हणाले, “हे यंत्र तर यंदाच्या जानेवारीत आलं.”

४

“भुताटकी!” दारातून डोकावणारा भागोजी म्हणाला.

“भुताटकी नाही, विसराळूपणा,” उमा म्हणाली. तिचे डोळे आता लकाकत होते. “ह्याच्या पोटातलं घड्याळ यंत्र बंद केलं की मरतं. सुरू केल्यावर ते पहिल्यांदा आपल्याला तारीख विचारतं. आपण काही न भरता नुसतं बटण दाबून पुढे गेलो, तर ते आपल्या मनानं एक जानेवारी ऐंशी धरतं आणि मध्यरात्रीपासून मोजायला लागतं.”

“म्हणजे बारा बावन्न...”

“यंत्र सुरू केल्यापासून बावन्न मिनिटं. खरी वेळ भरदुपारचीही असेल.”

“आणि तू कधी तारीख न भरता...”

“मी? ह्या वाचनालयात?” ती म्हणाली. “तुम्हीच तर पुस्तकावर आधी तारखेचा शिक्का आणि मग बोलणं, असं शिकवलंत. कुसुमताईही भरतात. रोजच्या सगळ्या नोंदींवर तारखा आहेत, दाखवते हवं तर.”

तिनं तो मजकूर उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या तीन ओळी आल्या, शब्द एकही नव्हता. अण्णांना त्यात काही कळेना. कुसुमताईंनी मात्र मागून वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“अहो, हा टायपिंगच्या क्लासातला पहिला धडा! डाव्या हाताची चार बोटं, मग उजव्या हाताची. आणि बघा, करंगळीचं अक्षर दर वेळी चुकलंय. शिकाऊ आहे कोणीतरी.”

अण्णा खुर्चीत बसले. नासधूस करणारा माणूस दहा मिनिटांत काम उरकून पळतो. हा बावन्न मिनिटं बसला होता आणि करंगळी घोटत होता. चपला त्यानं आत नेल्या, कारण बाहेर दिसलेल्या त्याला चालणार नव्हत्या. भागोजीच्या घुशीनं थाप पडताच श्वास रोखून धरला होता. इथे राग नव्हता, इथे लाज होती. आणि लाज हा विषय अण्णांच्या चांगला परिचयाचा होता.

“ह्या यंत्राबरोबर पुस्तक आलं नव्हतं का?” त्यांनी विचारलं.

“आलं होतं की. जाडजूड. मी क्लासात शिकले होते, मला उघडायची वेळच आली नाही. सदूसरांनी ते दाखल करून घेतलं, ‘बाहेर देऊ नये’ असा शिक्का मारला आणि कपाटात ठेवलं.”

“मग मला ते वाचायला हवं,” अण्णा म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज ठाम होता.

५

बुधवारभर अण्णा शब्दकोश शेजारी घेऊन ते इंग्रजी पुस्तक वाचत होते. खरं तर उत्तर मजकुरात येण्याआधी कागदातच आलं. पुस्तक गुळगुळीत कागदाचं होतं. कोकणातल्या पावसाळ्यात असल्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटतात आणि उघडताना टर्र असा आवाज करतात. ह्या पुस्तकाची पहिली सव्वीस पानं मोकळी होती, कडा बोटांनी काळवंडलेल्या. सत्ताविसावं पान टर्र करून सुटलं.

गुरुवारी दुपारी ते सदूच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

“सदू, तू वाचलेली सव्वीस पानं मीही वाचली.”

सदू खणाच्या मुठीशी चाळा करू लागला.

“येत्या एप्रिलपासून ग्रंथपालाला संगणक आलाच पाहिजे, असं आप्पासाहेब म्हणाले,” तो म्हणाला. “एक्कावन्न वय माझं. मुलीच्या वयाच्या पोरीपुढे बसून ‘हे बटण कुठलं, ते कुठलं’ विचारू? म्हटलं, पुस्तक आहे, रविवार आहे.”

“आणि फ्लॉप्या?”

“पुस्तकात लिहिलंय, वापरण्याआधी फ्लॉपी तयार करून घ्यावी. यंत्र अडलं, तर खाचेवरची पट्टी काढावी. मला वाटलं, आपण वहीला रेघा आखून घेतो, तसं काहीतरी. लिहिलेल्या पानावर रेघा मारल्या तर अक्षरं पुसली जातात का हो, अण्णा?”

अण्णांना हसू आलं असतं, पण पुढचं वाक्य त्यांच्या वर्मी लागलं.

“आणि नोंदवहीला जे करायचं, ते तिच्या दुसऱ्या प्रतीला त्याच दिवशी करायचं. तुम्हीच शिकवलंत. म्हणून कपाटातल्याही काढल्या. भागोजी आला नसता, तर उरलेल्याही केल्या असत्या.”

“केव्हा कळलं तुला?”

“सोमवारी. उमानं पडदा दाखवला तेव्हा.”

“आणि तीन दिवस गप्प बसलास? तिचं नाव जातंय, सदू! एका शब्दाचं काम होतं.”

सदूनं मान वर केली. “आणि तुम्ही, अण्णा? पुण्याचं ते पाकीट माझ्याच हातून तुमच्याकडे आलं. सात आठवडे झाले. ती पोर मला दोनदा विचारून गेली, अण्णांना काही आलं का म्हणून. तुमचंही एका शब्दाचंच काम होतं.”

६

सभेला दहा मिनिटं होती. उमा पायऱ्यांवर उभी होती. अण्णांनी खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला.

तिनं तो वाचला. वरची तारीख दोनदा वाचली.

“मी रोज पोस्टमनची वाट बघत होते,” ती म्हणाली. “वाटलं, त्यांना मी नकोच असेन. कुसुमताईंना तसं सांगूनही टाकलं.”

“मला वाटलं, मी कोण तुझ्या कामावर मत देणारा...”

“ते त्यांना ठरवू दे ना, अण्णा! त्यांनी तुम्हाला विचारलं होतं.” तिच्या आवाजाला धार होती, आणि अण्णांनी ती मुकाट्यानं घेतली. मग तिनं पत्र घडी करून त्यांना परत दिलं. “आता आत चला. सभेत तोंड उघडा, तेवढं करा. ह्याचं मग बघू.”

एकतीस वर्षांत अण्णा समितीपुढे ‘हजर’ एवढंच बोलले होते. आज ते उभे राहिले, आणि बोलत गेले तसे शब्द सापडत गेले. दारातली न दिसलेली चप्पल, टेबलाखालची माती, अलगद सोडवलेल्या पट्ट्या, बावन्न मिनिटं, करंगळी, सव्वीस पानं. समितीचे सातही सभासद पुढे झुकून ऐकत होते.

“हे सगळं ठीक,” आप्पासाहेब म्हणाले, “पण ते ऐंशी सालचं मला पटत नाही. यंत्र काय मनाची तारीख घालतं?”

“चला, दाखवते,” उमा उठली. “चपला बाहेर काढायच्या.”

आप्पासाहेबांनी निमूट चपला काढल्या. उमानं यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं आणि बाजूला झाली. “आता तुम्हीच. काही भरू नका, नुसतं हे मोठं बटण दाबा. पुन्हा एकदा.” मग तिनं त्यांच्या नावाचा चार अक्षरी मजकूर साठवला आणि यादी मागवली. आप्पासाहेबांचं नाव पडद्यावर आलं. शेजारी एक जानेवारी १९८०.

“आप्पासाहेब, तेव्हा तुम्ही इथे काय करत होतात, हो?” कोणीतरी मागून विचारलं आणि खोलीत हशा पिकला. आप्पासाहेब स्वतःही हसले.

“बरं, बरं. मग शिकाऊ कोण?”

“उमा नाही, कुसुमताई नाही, भागोजी नाही,” अण्णा म्हणाले. “त्यापुढचं नाव मी घेणार नाही. ज्याचं आहे, तो घेईल.”

हसणं विरलं. यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता. मग सदू दोन पावलं पुढे आला.

“मी,” तो म्हणाला. “शिकत होतो. चुकलो. आणि सोमवारी बोललो नाही, ती त्याहून मोठी चूक.”

सगळ्यांनी उमाकडे पाहिलं. ‘असू दे सर’ असं काहीतरी ती म्हणेल, असं त्यांना वाटत असावं.

“सोमवारी बोलला असतात, तर एव्हाना हजार नोंदी परत भरून झाल्या असत्या,” उमा म्हणाली. “जुनी कार्डं आहेत, तीन आठवड्यांत आम्ही दोघी भरू. दुसऱ्या प्रतीचा संच ह्या इमारतीत राहणार नाही. आणि सर, तुम्हाला शिकायचं असेल तर रोज चार वाजता. मी असेन तोवर मी, मग कुसुमताई. रविवारी मात्र नाही.”

“आणि माझ्या अर्जावरही आजच निर्णय व्हावा,” कुसुमताईंनी संधी साधली. “तोही संगणक चालक म्हणूनच आहे. दोन अर्ज आहेत, दोन्ही वाचा.”

आप्पासाहेबांनी डोकं खाजवलं आणि कागद मागवले.

७

शुक्रवारी सकाळी अण्णांनी बारावा मसुदा लिहिला. ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’ लिहिलं, खोडलं. ‘बहुधा’ लिहिलं, त्यावर बराच वेळ लेखणी रेंगाळली, तेही खोडलं. शेवटी उरलं ते एवढं:

‘आपल्या पत्राला उत्तर देण्यास सात आठवडे उशीर झाला. दोष सर्वस्वी माझा, कुमारी रांबाडे यांचा नव्हे. मला संगणक येत नाही, म्हणून मी मत देण्यास कचरलो. परंतु ह्या आठवड्यात त्यांच्यावर खोटा आळ आला असता त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. यंत्राकडून खरे काय ते काढून घेऊन त्यांनी ते सात पुरुषांना समजावून दिले. त्यांतला एकही संगणक जाणत नव्हता, तरी सगळ्यांना समजले. जोखमीचे काम त्यांच्यावर निर्धास्त सोपवावे. त्या मोकळेपणाने चुका दाखवतात, त्याची तयारी ठेवावी. माझ्याही दाखवल्या.’

वाचनालयात जाऊन त्यांनी ते उमाला वाचायला दिलं. तिच्या एका बाजूला जुन्या कार्डांचा खण उघडा होता, दुसऱ्या बाजूला कुसुमताई नावं वाचून दाखवत होत्या. उमानं पत्र वाचलं, पाकिटात घातलं आणि थुंकी लावून पाकीट बंद केलं.

“कदाचित त्यांनी जागा भरलीही असेल,” अण्णा पुटपुटले.

“भरली असेल तर दुसरीकडे अर्ज टाकीन. तिथेही तुमचंच नाव देणार आहे.” ती परत पडद्याकडे वळली. “दहाचं टपाल निघेल अण्णा, पळा.”

अण्णा पळाले नाहीत, पण झपाझप चालले. मुख्य पोस्टापुढच्या लाल पेटीपाशी त्यांनी पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि पाकीट आत सोडलं. तळाशी पडल्याचा आवाज आला. तरीही त्यांनी फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.